डेस्कटॉप चालूच होत नाहीये? आधी भिंतीकडे बघा, मदरबोर्ड सगळ्यात शेवटी

"कॉम्प्युटर चालूच होत नाहीये" असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, बटण दाबल्यावर नक्की काय होतं? आणि उत्तर हमखास येतं, "काहीच होत नाही रे". मग जरा खोदून विचारलं की कळतं पंखा तर फिरतोय, पुढचा लाईट पण लागतोय, फक्त स्क्रीन काळी आहे. आता ह्या दोन पूर्ण वेगळ्या भानगडी आहेत, एकात करंटच आत पोचत नाहीये आणि दुसऱ्यात करंट व्यवस्थित पोचलाय पण रॅम नाहीतर ग्राफिक्स कार्ड रुसून बसलंय. हा फरक न बघता लोक डबा उचलतात, रिक्षात घालतात, दुकानात नेतात, तिथे दोन मिनिटांत "मदरबोर्ड गेला" ऐकायला मिळतं आणि मग जुन्या प्रोसेसरला बसेल असा बोर्ड बाजारात मिळत नाही म्हणून प्रोसेसर, रॅम, बोर्ड सगळंच नवीन घ्यावं लागतं. मदरबोर्ड जातो, नाही असं नाही, पण त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लावायचा कारण त्याच्या आधीच्या सगळ्या गोष्टी स्वस्त आहेत आणि घरच्या घरी तपासता येतात.

तर आधी ठरवा तुमचं मशीन ह्यातल्या कशात बसतं:

१. बटण दाबलं, लाईट नाही, पंखा नाही, आवाज नाही, पूर्ण मेलेलं
२. पंखा एक-दोन सेकंद फिरतो आणि बंद, किंवा चालू-बंद चालू-बंद करत बसतं
३. पंखे फिरतात, लाईट लागतात, पण मॉनिटरवर "नो सिग्नल"

कंपनीचा लोगो येतो आणि पुढे विंडोज लोड होत नाही हा चौथा प्रकार, पण ते पॉवरचं दुखणं नाही, ते इथे सोडून देतो.

पूर्ण मेलेलं असेल तर

भिंतीपासून सुरू करा. हसू नका, खटका बंद, एमसीबी पडलेला, एक्स्टेंशन बोर्डाचं बटण कोणीतरी पाय लागून बंद केलेलं, ह्या गोष्टी रोज होतात. आणि टेस्टर लावला, पेटला, म्हणजे लाईट आहे असं समजू नका, टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल कुठे तुटली किंवा सैल झाली असेल तरी टेस्टर मस्त पेटतो आणि वस्तू काही चालत नाही. मोबाईलचा चार्जर लावून बघण्यात पण फार अर्थ नाही कारण तो इतका कमी करंट घेतो की सैल कनेक्शनवरही चालून जातो. त्याच सॉकेटला टेबल फॅन नाहीतर मिक्सर लावा, तो नीट चालला तर सॉकेट ठीक.

मधे यूपीएस असेल तर तो सरळ बाजूला काढा आणि कॅबिनेटची वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती साधारण दोन-तीन वर्षांत दम टाकते, आणि बॅटरी पूर्ण मेली की बरेचसे स्वस्तातले यूपीएस लाईट असतानासुद्धा चालूच होत नाहीत. कॉम्प्युटर ठणठणीत, मेलाय यूपीएस, आणि आपण कॅबिनेट उघडून बसलोय असं होतं.

मग ती मागची जाड काळी पॉवर केबल. बऱ्याच मॉनिटरना (आणि प्रिंटरना) तीच केबल असते, तेव्हा दुसरी शोधत बसू नका, मॉनिटर चालू होत असेल तर त्याचीच काढून कॅबिनेटला लावा. आणि नीट दाबून बसवा, ही केबल अर्धी बाहेर आलेली दिसत नाही कारण कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं असतं. केबलच्या वरतीच एसएमपीएसचा (मेनची लाईट आतल्या भागांना लागेल तशी बदलून देणारा पॉवर सप्लायचा डबा) स्वतःचा छोटा खटका असतो, एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल. रेघेची बाजू दाबलेली पाहिजे. दिवाळीच्या साफसफाईनंतर जे कॉम्प्युटर "अचानक" बंद पडतात त्यातले कितीतरी ह्या खटक्याचे बळी असतात, फडकं मारताना तो पडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या किंवा अगदी स्वस्त एसएमपीएसला तिथेच एक लाल सरकपट्टी असते ज्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. आपल्याकडे २३० च पाहिजे. ती कोणी ११५ वर नेली आणि मग बटण चालू केलं तर धाडकन आवाज येतो, जळका वास येतो आणि एसएमपीएसचा विषय संपतो. घरात लहान मुलं असतील तर त्या पट्टीवर चिकटपट्टी लावून टाका. नवीन चांगल्या एसएमपीएसना ही पट्टीच नसते, ते १०० ते २४० व्होल्ट आपोआप सांभाळतात.

एवढं सगळं ठीक असेल तर पुढचं करून बघा, ह्याला हत्यार लागत नाही. पॉवर केबल पूर्ण काढा, कॅबिनेटचं पुढचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा, परत केबल लावा आणि चालू करा. लाईट जाऊन झटक्यात परत आली, व्होल्टेज वरखाली झालं, कुठे क्षणभर शॉर्ट झाला तर एसएमपीएस स्वतःला वाचवायला लॉक होऊन बसतो आणि मेन पुरवठा तोडून आतला उरलासुरला चार्ज जाईपर्यंत ते लॉक सुटत नाही. जादू वगैरे काही नाही त्यात.

इथे एक आडवळण घेतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात जे थोडासा करंट अर्थच्या वायरीत सोडतात, अर्थ नसेल तर तो जाणार कुठे, मग कॅबिनेटच्या पत्र्यावर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज बसून राहतं. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण यूएसबी पोर्ट आणि बोर्ड ह्याने खराब होऊ शकतात, आणि मुख्य म्हणजे उद्या आत खरंच फेज पत्र्याला लागली तर एमसीबी पडणार नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे काम पुढे ढकलू नका.

आता डबा उघडायचा

केबल काढलेली असू द्या. पायात रबरी चप्पल घालून गालिच्यावर बसून बोर्डाला हात लावू नका, आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातलं स्टॅटिक (साठलेली स्थिर वीज) जाऊ द्या, आणि दर थोड्या वेळाने परत लावा. एसएमपीएसचा चौकोनी डबा मात्र कुठल्याही परिस्थितीत उघडायचा नाही. आत मेनचा पुरवठा डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या पुढे जातो आणि तो कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही काही काळ तसाच बसून राहतो. कोणी कितीही सांगू दे "मी घरीच कपॅसिटर बदलला", तुम्ही नका करू.

पहिला संशयित, पुढचं पॉवर बटण. हे कसं चालतं ते समजलं की अर्धं कोडं सुटतं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची पद्धत आणली, त्याच्या आधीच्या कॉम्प्युटरमध्ये पुढचं बटण म्हणजे खराखुरा मेनचा खटका असायचा, आता तसं नाहीये. आता एसएमपीएसला लाईट मिळाली की तो बोर्डाला ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा कायम देत राहतो, कॉम्प्युटर बंद असला तरी. तुम्ही बटण दाबता तेव्हा दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, बोर्डाला निरोप मिळतो, बोर्ड एसएमपीएसला सांगतो उठ, एसएमपीएस उठतो, सगळे व्होल्टेज जागेवर आले की "ठीक आहे" असा सिग्नल बोर्डाला परत पाठवतो आणि तेव्हा कुठे प्रोसेसर काम सुरू करतो. म्हणजे बटण, बोर्ड, एसएमपीएस ह्या तिघांपैकी कोणीही गप्प बसलं तरी बाहेरून दिसणारं चित्र तेच, पूर्ण शांतता.

तर बटण बाद करायला बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बघा, तिथे कॅबिनेटच्या पुढून आलेल्या बारीक वायरी खोचलेल्या असतात, पॉवर एसडब्ल्यू, रिसेट एसडब्ल्यू, एचडीडी एलईडी असं त्यांच्या टोकावर लिहिलेलं असतं. आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर कुठली कुठे होती हे आठवत नाही. मग त्या सगळ्या काढा, पॉवर केबल लावा, आणि पॉवर एसडब्ल्यूच्या ज्या दोन पिना होत्या त्यांना छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक सेकंद एकत्र टेकवा. बहुतेक बोर्डांवर ह्या पिना ६ आणि ८ नंबरच्या असतात पण बोर्डावरच्या बारीक अक्षरात किंवा मॅन्युअलमध्ये खात्री करा, दुसऱ्याच पिना टेकवू नका. मशीन चालू झालं? मग बटण मेलंय, एवढंच. त्यावर सोपा जुगाड म्हणजे रिसेटची वायर काढून पॉवरच्या पिनांना लावायची, आता रिसेटचं बटण तुमचं पॉवर बटण. ह्या वायरीला उलट-सुलट काही नसतं, कशीही लावली तरी चालते. किती तरी लोक वर्षानुवर्षं तसंच वापरतात.

पिना टेकवूनही काही नाही झालं तर एसएमपीएसकडे वळा.

एसएमपीएस तपासायची पद्धत

बोर्डावर एखादा छोटा लाईट सतत पेटलेला असतो का बघा, बऱ्याच बोर्डांवर असतो. तो पेटलेला म्हणजे एसएमपीएसचा बारीक ५ व्होल्टचा पुरवठा येतोय. नाही पेटला तर एकतर एसएमपीएस गेला किंवा बोर्डावर काही शॉर्ट आहे (किंवा तुमच्या बोर्डाला असा लाईटच नाही, त्यामुळे ह्या एकावर निकाल लावू नका).

मेन केबल (तीच मागची जाड काळी पॉवर केबल) काढा, बोर्डावरचा २४ पिनांचा मोठा कनेक्टर कुलूप दाबून हलकेच हलवत काढा. जोर लावून ओढू नका, बोर्ड वाकतो. त्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते, तिच्या शेजारीच काळ्या वायरी असतात. एक स्टीलची पेपरक्लिप सरळ करून यूच्या आकारात वाकवा, एक टोक हिरव्या वायरीच्या भोकात आणि दुसरं शेजारच्या काळ्यात खोचा. बोर्ड जे काम करतो तेच आपण हाताने करतोय. एसएमपीएसला एखादा जुना कॅबिनेट फॅन किंवा जुनी निकामी हार्डडिस्क जोडा म्हणजे थोडा लोड पडेल, आणि मग मेन केबल लावून चालू करा. क्लिप खोचताना मेन केबल काढलेली पाहिजे हे परत सांगतो.

पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत तरी आहे. नाही फिरला तरी लगेच निकाल नको, काही चांगल्या एसएमपीएसचा स्वतःचा पंखा लोड वाढल्याशिवाय फिरतच नाही, म्हणूनच तो जोडलेला कॅबिनेट फॅन बघायचा. तो पण गार पडला असेल तर एसएमपीएस गेला, शंभर टक्के बदलायचा. बऱ्याच नवीन एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, त्यात हिरवी शोधत बसू नका, कुलपाची पट्टी आपल्याकडे धरून पिन नंबर १६ मॅन्युअलच्या चित्रावरून ओळखा, आणि ओळखता येत नसेल तर ही पायरी सोडा, उगाच अंदाजाने खोचू नका.

पण जिवंत म्हणजे धडधाकट नव्हे. पंखा फिरवायला कितीसा करंट लागतो. घरात मल्टीमीटर असेल (नसेल तर साधा घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ढिगाने मिळतात, घरात इतर शंभर कामांना उपयोगी पडतो) तर तो डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब काळ्या वायरीत आणि लाल प्रोबने एकेक बघत जा. जांभळी वायर ५ व्होल्ट, आणि ही क्लिप न लावता पण यायला पाहिजे, फक्त मेन चालू हवा. क्लिप लावल्यावर पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १२ चे ११.४ ते १२.६ आणि ५ चे ४.७५ ते ५.२५. पिवळी ११ च्या खाली गेलेली असेल तर तो एसएमपीएस भंगारात.

आणि एक लक्षण ओळखून ठेवा, सकाळी पहिल्यांदा चालू करताना पाच-सहा वेळा बटण दाबावं लागतं, मग एकदा चालू झाला की दिवसभर काही त्रास नाही. हे एसएमपीएसच्या आतले कपॅसिटर म्हातारे झाल्याचं लक्षण, गार असताना ते नीट काम करत नाहीत आणि गरम झाले की चालतात. असा एसएमपीएस अजून काही महिने ढकलता येतो खरा पण तो जाताना बोर्डाला घेऊन जाऊ शकतो, तेव्हा वेळेत बदलून टाका.

चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर

इथे घड्याळ बघा, खरंच सांगतोय. बरोब्बर चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल तर पॉवर बटण आत अडकून बसलंय, कारण बटण चार सेकंद दाबून धरलं की बोर्ड मशीन जबरदस्तीने बंद करतो आणि अडकलेलं बटण म्हणजे सतत दाबलेलं बटण. वर सांगितलं तसं वायरी काढून पिना टेकवा, लगेच कळेल. स्वस्त कॅबिनेटमध्ये धूळ आणि घाम जाऊन ही बटणं चिकटतातच.

अर्ध्या सेकंदात बंद होत असेल, पंखा नुसता एक झटका मारतो आणि थांबतो, किंवा एसएमपीएसमधून टिक टिक आवाज येतो, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. आता एकेक गोष्ट काढत जायची. आधी बाहेरचे सगळे यूएसबी काढा, पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा, आतली जीभ तुटून पिना एकमेकांना चिकटल्या असतील तर एवढ्यावरही पूर्ण मशीन बंद पडतं. मग हार्डडिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, पुढच्या यूएसबीची बोर्डावरची केबल, एकेक काढून दरवेळी चालू करून बघा (काढताना दरवेळी मेन केबल बंद, आळस करू नका). ज्या वस्तूनंतर मशीन चालू राहिलं ती वस्तू चोर. दोन-तीन गोष्टी एकदम काढल्या तर चोर सापडत नाही, म्हणून एका वेळी एकच.

दहा-पंधरा सेकंद ते मिनिटभर चालून बंद होत असेल तर प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) हलवून बघा. इंटेलच्या जुन्या पद्धतीच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एखादी सुटली की हीटसिंक तिरका होतो, प्रोसेसर झटक्यात तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळून पांढरी पावडर झाली असेल तर पुसून नवीन लावा.

मशीन आत्ताच नवीन असेंबल केलं असेल आणि चालूच होत नसेल तर प्रोसेसरच्या जवळचा ४ किंवा ८ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर लावलाय का बघा. हा हमखास राहतो. तो राहिला तर पंखे फिरतात आणि पुढे काहीच होत नाही. तसंच बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसतो त्या खुंट्या), एखादा जास्तीचा राहून बोर्डाच्या मागे टेकला तर तिथे शॉर्ट.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल खालच्या आडव्या पोर्टला हवी, वरच्या बोर्डाच्या पोर्टला नाही. आणि उलटं, ग्राफिक्स कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टला लावून बघणार असाल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते बघा, इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ असतो त्यात नसतं, आणि एएमडीच्या रायझेनमध्ये ७००० सिरीजच्या आधीच्यात शेवटी जी असलेलेच चालतात. नाहीतर चांगल्या मशीनवर "नो सिग्नल" बघून घाबराल.

मग रॅम. हाच आपल्याकडचा खरा गुन्हेगार, विशेषतः जून ते सप्टेंबर. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राच्या जवळ कुठेही बंद पडून राहिलेला कॉम्प्युटर पावसाळ्यात एक दिवस असाच काळी स्क्रीन दाखवतो, कारण हवेतल्या दमटपणाने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. रॅम काढा, बोर्डापासून लांब नेऊन पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा भुगा ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याने पुसून वाळू द्या. घासघास घासायचं नाही, सोन्याचा थर फार पातळ असतो. बोर्डाजवळ बसून घासलं तर भुगा स्लॉटमध्ये जातो आणि नवीनच ताप होतो. स्लॉटमध्ये कोरडा ब्रश फिरवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग एकच रॅम, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये (चार स्लॉटवाल्या बोर्डावर), दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो. नाही झालं तर दुसरी रॅम, दुसरा स्लॉट, सगळी अदलाबदल करून बघा.

रिसेटची वायर पण काढून बघा. रिसेटचं बटण आत अडकलं असेल तर पंखे फिरत राहतात आणि प्रोसेसर कायम रिसेटमध्येच अडकतो, लक्षण हुबेहूब बोर्ड मेल्यासारखं.

मग बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२. मेन केबल काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोसची (बोर्डातला, मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) सेटिंग पुसली जातात. सेल ३ व्होल्टचा असतो, मल्टीमीटरवर २.७ च्या खाली दाखवत असेल तर नवीन टाका, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख-वेळ सारखी मागे जात होती का बंद पडण्याआधी? मग हा सेल उतरलेलाच आहे. सेल संपला म्हणून मशीन चालूच होत नाही असं सगळ्या बोर्डांवर होत नाही पण काही जुने बोर्ड खरोखर हट्ट धरून बसतात.

नवीन बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट (म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, डिस्क) असे चार छोटे लाईट असतात, जो लागून राहतो तिथे घोडं अडलंय. जुन्या बोर्डाला छोटा स्पीकर लावला तर बीप ऐकू येतात, सलग लांब बीप म्हणजे बहुधा रॅम, एक लांब आणि मागून दोन-तीन छोटे म्हणजे बहुधा ग्राफिक्स, पण बायोस कुठल्या कंपनीचं आहे त्यावर हे बदलतं, मॅन्युअल बघा. आणि डीडीआर५ रॅमचं नवं कोरं मशीन पहिल्यांदा चालू केलं असेल किंवा बायोस रिसेट केलं असेल तर जरा दम धरा, बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो आणि तेवढ्यात स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहू शकते. मधेच बंद करून परत पहिल्यापासून सुरू करू नका.

पाल, मुंग्या, वीज

कॅबिनेटची मागची एखादी पट्टी उघडी असेल तर आत कोणीतरी राहायला येणारच. पाल एसएमपीएसमध्ये शिरते आणि दोघंही जातात, मुंग्या ऊब बघून स्लॉटमध्ये अंडी घालतात, उंदीर वायरी कुरतडतात. उघडल्यावर टॉर्चने हे नीट बघा आणि उघड्या फटी पत्र्याच्या पट्टीने बंद करा.

आणि विजांचा कडकडाट सुरू झाला की नुसता खटका बंद करून भागत नाही, पिन काढा आणि लॅन (इंटरनेटची) केबल पण काढा. केबलवाल्याने छतावरून छतावर टाकलेली तांब्याची लॅन केबल ही विजेला थेट बोर्डापर्यंतची वाट आहे. विजेच्या रात्रीनंतर मशीन मेलं आणि लॅन पोर्टजवळ काळा डाग किंवा जळका वास असेल तर तिथे मात्र बोर्ड गेल्याची शक्यता खरी आहे.

एसएमपीएस घ्यायचा झाला तर

डब्यावरच्या मोठ्या ४५० किंवा ५०० आकड्याकडे बघू नका, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असेल तर १९२ वॅट झाले, वर ४५० लिहिलेलं असलं तरी आजच्या मशीनला जे लागतं ते हे १९२ च. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस ग्राफिक्स कार्डाच्या मशीनला ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. वायरी सुट्या होणारा मॉड्युलर प्रकार घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी नवीनला लावायच्या नाहीत, टोक बसतं पण आतली पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, हार्डडिस्क एका क्षणात जाते. नवीन चांगला एसएमपीएस लावल्यावर लाईट गेली की मशीन बंद पडायला लागलं तर दोष त्याचा नाही, स्वस्त यूपीएस बॅटरीवर जी ओबडधोबड वेव्ह देतो ती काही एसएमपीएसना चालत नाही.

तरीही नाही झालं तर

शेवटची घरगुती परीक्षा, बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा, त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि चांगला असल्याची खात्री असलेला एसएमपीएस, आणि पिना टेकवून चालू करा. इथे चालला तर दोष कॅबिनेटमध्ये कुठेतरी आहे. नाही चालला तर बोर्डावर टॉर्च मारा, कपॅसिटरची डोकी फुगलीत का, कुठे करपल्याचा डाग आहे का. आता दुकानात न्या, आणि सांगा की एसएमपीएस आणि रॅम बदलून बघितलंय, प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून दाखवा. एवढं बोललं की समोरचा माणूस पण नीट तपासतो. चिप लेव्हल रिपेअर (बोर्डावरचे बारीक भाग बदलून दुरुस्ती) करणारे असतात, त्यांच्याकडे नवीन बोर्डाच्या पाव-निम्म्या पैशात काम होऊ शकतं, पण आधी किंमत ठरवून घ्या.

दुकानात देण्याआधी हार्डडिस्क किंवा एसएसडी काढून घरी ठेवा. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणजे फोटो गेले असं अजिबात नसतं, डिस्क बहुतेक वेळा सुखरूप असते. मोठी साडेतीन इंची डिस्क असेल तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेलं यूएसबी केसिंग घ्या, छोटी अडीच इंची किंवा साटा एसएसडी नुसत्या यूएसबीवर चालते, एम डॉट टू (बोर्डावरच बसणारी चपटी पट्टी) असेल तर तिचं केसिंग वेगळं. फक्त विंडोज ११ असेल आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागली तर घाबरून फॉरमॅट मारू नका, डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं स्वतःचं कुलूप) एनक्रिप्ट झालेली आहे एवढाच त्याचा अर्थ. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने तो कॉम्प्युटर सुरू केला होता त्यात मोबाईलवरून लॉगिन करा, डिव्हाइसेसच्या यादीत त्या मशीनच्या नावाखाली ती की बहुतेक सापडते, तिथून लिहून घ्या आणि टाका.